कानावर बिडी ठेवलेला भालदार

माझी नात सई लग्नपत्रिका काढते. काढते म्हणजे कागदावर नव्हे. मांडीवर एक चपटी पाटी घेते, पांढऱ्या काडीने तिच्यावर गिरवते, आणि ती पत्रिका मोबाईलवरून सुरतेपासून भुसावळपर्यंतच्या पाहुण्यांकडे एका दमात पोचते. परवा तिच्या पाठीशी चहा घेऊन उभी राहिले तर नवरा-नवरी झाले होते, हत्ती झाला होता, दाराशी फेटेवाले दोन भालदारही उभे होते, आणि चौघांनाही तोंड नव्हतं. फेटा आहे, हनुवटी आहे, मधे सगळं कोरं. मला वाटलं पोरीचं काम अर्धं राहिलंय, म्हणून म्हटलं, आधी चहा घे, मग तोंडं काढ. तिने मान वर न करता मला शिकवलं, की आजी, आता तोंड कोणी काढत नाही, नाक-डोळे आले की जुनं वाटतं. कोरं ठेवलं की बघणाऱ्याला ते आपलंच माणूस वाटतं. मी कप तिच्याजवळ ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसून घेतलं. हेच वाक्य मी तिच्या पणजोबांच्या तोंडून ऐकलं होतं, शिडीखाली उभी राहून. तेव्हा मला ते इतकं जुनाट वाटलं, की त्यापायी मी गावातल्या सगळ्यात बड्या घरात, लग्नाच्या ऐन तोंडावर, जावयांची पंचाईत करून ठेवली होती.

आमच्या तापीकाठी लग्न निघालं की घराची दर्शनी भिंत रंगवायची रीत होती. आधी सगळी भिंत चुन्याने पांढरी करायची. मागच्या लग्नाचं नखभरही वर दिसता कामा नये, दिसलं तर नव्या जोडप्याला बाधतं म्हणत. मग दारावर गणपती, दोन्ही अंगांना केळी, मोर, सोंडेत माळ धरलेले हत्ती, कमानीखाली नवरानवरीची नावं आणि उंबऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला काठी धरून उभे भालदार. हे सगळं आबा काढायचे. आबा म्हणजे माझे वडील, पण शहाद्यापासून नदीपर्यंत लहानथोर त्यांना आबाच म्हणत. चैत्र लागला की त्यांच्या सायकलला चुन्याचे आणि रंगाचे डबे लटकायचे, आणि डब्यांचा खडखडाट ऐकला की बाया दारात येऊन विचारायच्या, कोणाचं जुळलं हो आबा? एवढं राबून काढायचं आणि पुढच्या लग्नाला आपल्याच हाताने चुन्याखाली घालायचं, याचं आबांना काहीच वाटत नसे. मला फार वाटायचं. माझं चित्र माझ्यामागेही राहावं अशी माझी इच्छा होती. मी तेव्हा नववीत होते, म्हणजे इच्छा जरा घाईचीच होती.

आमच्याकडे रंग आणि स्वयंपाक एकाच चुलीवर व्हायचा. डिंक उकळायचं पातेलं वेगळं आणि डाळीचं वेगळं, असं माय देवाशपथ सांगायची, पण लग्नसराईत आमच्या डाळीत पळी उभी राहायची हे खरं. ओट्यावर एका बाजूला गेरू कुटला जायचा, दुसऱ्या बाजूला मिरची. दोन्हींचा आवाज सारखा, दोन्हींची पूड लाल. त्यामुळे एकदा आबांच्या गणपतीला तिखट लागलं आणि एकदा आमच्या वांग्याच्या भाजीला गेरू. गणपतीने तक्रार केली नाही; आम्ही मात्र कळण्याची भाकरी तशीच ताटात ठेवून एकमेकांची तोंडं पाहत बसलो. आबांनी ती भाजी खाल्ली आणि रंग चांगला आलाय म्हणाले. असा माणूस. मी त्यांची एकुलती एक, त्यामुळे शिडी धरणं, चुना गाळणं, डबे धुणं माझ्याकडे, आणि हत्तीच्या पोटात रंग भरणंही माझ्याकडे. रेघ मात्र त्यांची. रेघेसाठी शिंदीच्या काडीचं टोक चावून चावून ते स्वतः कुंचला करायचे, काम नसलं की तो कानावर खोचून ठेवायचे, आणि त्याला मी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. पोरीने भरावं, रेघ ओढू नये, हा त्यांचा कायदा होता. असा कायदा का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

शाळेत आम्हांला ड्रॉईंगला नवे सर आले होते. त्यांनी मला परीक्षेला बसवलं आणि एकच गोष्ट डोक्यात भरली: मनाने काढू नका, समोर बघून काढा. मग काय, मी मडकं बघून काढलं, माय बघून काढली, शेजारची म्हैस काढली. म्हशीचं चित्र तिच्या मालकाने ओळखलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. घरी येऊन आबांचे भालदार पाहिले की मात्र जीव कासावीस व्हायचा. गोल तोंड, त्यात ना नाक ना डोळे, वर फेटा. वर्षानुवर्षं तेच. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा शिडीवरून खाली न बघता आबा म्हणाले, "भालदारले तोंड देवानं नही, इंदे. येनाराले वाटाले जोयजे, का हाऊ मन्हाच मानूस उभा शे." दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो आपला माणूस वाटला पाहिजे, म्हणून त्याला तोंड द्यायचं नाही, तो कोणाचाच ठेवायचा नाही. मला वाटलं, तोंड काढता येत नाही म्हणून म्हातारा कारणं सांगतोय. आज सईला असले भालदार काढायचे चांगले पैसे मिळतात.

त्याच सुमाराला नंदुरबारचा एक पेंटर आमच्या बाजूला फिरायला लागला. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, डब्यातल्या तेलाच्या रंगाचा, पॅंट घालणारा. त्याच्या भिंतीवरची नवरी हुबेहूब नटीसारखी दिसायची, म्हणजे त्या घरच्या नवरीसारखी मुळीच नाही, पण नवऱ्यामुलांना तेच हवं असायचं. एक घर गेलं, दुसरं गेलं. वैशाखात आबा दुपारचे ओट्यावर बसलेले दिसायला लागले, कानावर कुंचला तसाच. ते काही बोलत नसत, पण माय बोलायची. भिंतीच नसतील तर पोरीला शिडीवर कशाला चढवायचं, त्यापेक्षा स्थळ बघू. त्या वर्षी मोठी मायच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यात बड्या घरची भिंत हातची गेली असती तर आबांचं काम सरलं असतं, आणि त्यासोबत माझंही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरात डबे न वाजता दिवस जायला लागले की सगळं कळतं.

मोठी माय म्हणजे गुजरांच्या त्या बड्या घरातली कर्ती बाई. केळी तिच्या, ऊस तिचा, शब्दही तिचाच शेवटचा. तिच्या धाकट्याचं, रमणचं, लग्न होतं. रमण शहाद्याला कॉलेजात जायचा, केसांचा कोंबडा काढायचा, आणि त्याला नंदुरबारचाच पेंटर हवा होता. मोठी मायने ऐकलं नाही, आपल्या घरी आबाच येणार म्हणाली. तरी रमणने आबांना दारात गाठून बजावलंच, "माले भावल्या नको. मानसं जोयजेत." आणि जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी उद्याच्या गाडीने नंदुरबारला जातो. आबांनी नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी तो हो धरला.

त्या घरात दोन जावई. थोरले सुरतेला, साड्यांचं दुकान, वर्षातून एकदा येणार आणि आले की त्यांच्यासाठी वेगळी खाट, वेगळा तांब्या, खापरावरचे मांडे. दुसरे छगनबापू. रमण रांगत होता तेव्हा त्याचे वडील गेले, शेत बघायला पुरुष माणूस हवा म्हणून मोठी मायने मधल्या लेकीच्या, शांताक्काच्या नवऱ्याला इथेच आणून ठेवलं. बापूंनी केळी लावल्या, विहीर खणली, रमणला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं. मग रमण मोठा झाला आणि बापूंची गरज संपली. बापू मात्र राहिले. आमच्याकडे जावई म्हणजे साक्षात देव, त्याच्या पाण्याच्या तांब्यावरही झाकण ठेवतात. पण घरजावई म्हणजे अंगणातलं झाड. तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच्याकडे बघत कोणी नाही. पंगतीत बापू स्वतःच शेवटी बसायचे. कोणी थट्टा केली तर आधी तेच हसायचे.

आम्ही भिंतीला लागलो तेव्हा सगळं घर लग्नाच्या धांदलीत. कोणी ज्वारीचे बिबडे वाळवतंय, कोणी गहू निवडतंय, मागच्या अंगणात डाळी दळायच्या जात्याची घरघर, आणि वर रमणचा रेडिओ. आमच्याकडे बघायला फुरसत फक्त छगनबापूंना. गुरांना पाणी पाजून झालं की ते समोरच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, कानावर अर्धी बिडी ठेवून. चुना कमी पडला की न सांगता आणून द्यायचे, शिडी डगमगली की धरायचे. मग पुन्हा कट्ट्यावर, तसेच निश्चल. आबांनी गणपती केला, हत्ती केले, भालदारांची अंगं आणि काठ्या ओढल्या, आणि मधेच शेजारच्या गावातून निरोप आला म्हणून सायकल काढून गेले. अंगरखे तेवढे भरून ठेव म्हणाले. कुंचला डब्यावर ठेवून गेले. कानावर न्यायचा विसरले असतील, असं मी आजवर समजत आले आहे.

अंगरखा भरून झाला. वर ते गोल, कोरं तोंड. रमण जिन्यातून डोकावून गेला आणि भावल्याच की ह्या, असं काहीसं पुटपुटला. मी कुंचला उचलला. नाक कसं काढावं म्हणून समोर पाहिलं तर समोर छगनबापू. सर म्हणाले होते, बघून काढा. मी बघितलं. आधी नुसतं नाक घ्यायचं होतं, पण नाक घेतल्यावर त्याच्याखालची मिशी सोडवेना, मिशीबरोबर ते गालावरचे खड्डे आले, मग एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा होता तो आला, आणि त्या कानावर बिडी होती म्हणून बिडीही आली. मला एवढाच आनंद, की बरोबर येतंय. आपण कोणाला काढतोय, कशाचा भालदार करतोय, हे डोक्यात शिरलंच नाही. उजवीकडचा भालदार मी उद्यावर ठेवला, कारण ऊन उतरलं आणि बापू गुरं सोडवायला निघून गेले होते.

आधी पाणी भरून येणाऱ्या बायांनी पाहिलं. एकीने हंडा खाली ठेवला. दुसरी पदराआड हसली आणि आत गेली, मग आतून चार आल्या. नाकावरून कोणी ओळखलं नसतं, बिडीने घात केला. सासरच्या दारात काठी घेऊन उभा केलेला जावई, आणि तोही घरजावई! चारचौघांत ज्याची थट्टाही दबक्या आवाजात करायची, ती मी चुन्याच्या भिंतीवर गेरूने काढून ठेवली होती. रमण आला आणि पोट धरून हसला. शांताक्का आली, तिने एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिचा तो पदर पाहिला तेव्हा मी हातातला कुंचला पाठीमागे लपवला. मग मोठी माय बाहेर आली. तिने भिंत पाहिली. नेमके तेव्हाच आबांचे डबे वाजत अंगणात आले. मोठी माय त्यांना एवढंच म्हणाली, चुना लावून टाक.

आबांनी सायकल लावली. माझ्याकडे पाहिलं नाही. चुन्याची बादली ओढली, मोठा कुंचा बुडवला, निथळवला. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही भिंत रमणच्या पेंटरची, आणि मी मायच्या स्थळाची. एवढ्यात छगनबापू गुरं घेऊन आले. सगळे बाजूला सरले, कारण आता काय होणार हे पाहायचंही होतं आणि पाहिलं असं दिसायलाही नको होतं. बापू भिंतीपाशी गेले. कानावरची बिडी काढली, हातात धरून पाहिली, भिंतीवरची पाहिली, आणि पुन्हा कानावर ठेवली. मग आबांच्या हातातल्या कुंच्यावर हात ठेवून म्हणाले, "चुना ऱ्हाऊ द्या, आबा. इतला वरीस ह्या घरमा ऱ्हायनू मी. माले नीट दखं ते ह्या पोरनी."

इतक्या वर्षांत आपल्याला नीट पाहिलं ते ह्या पोरीनेच, असं ते म्हणत होते. मला रडू आलं, आणि का आलं ते तेव्हा समजलंही नाही. शांताक्का आत गेली आणि तांब्या घेऊन आली, झाकणाचा, सुरतेच्या जावयांसाठी ठेवायचे तो. तिने तो नवऱ्यापुढे धरला. मोठी मायने तेही पाहिलं. मग ती म्हणाली की ऊन कलतंय, मिरच्या उचला, आणि आत गेली. चुन्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि त्या घरात मोठी मायने नाव काढलं नाही म्हणजे ठरलं.

खरी गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी सुरतेचे जावई आले, नंदुरबारपर्यंत गाडीने आणि तिथून जीप करून. भिंत पाहिली आणि रुसून बसले. चहा नको, मांडे नको, खाटेवर भिंतीकडे पाठ करून. मोठी मायच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाटलं जावयाला दारवान केल्याचा राग आला. मिनतवाऱ्या झाल्या, तेव्हा हळूच कळलं की राग वेगळाच होता. धाकट्या जावयाला भिंतीवर घेतलं आणि थोरल्याला नाही, हा कुठला न्याय? उजवीकडचा भालदार कोराच होता. मग काय, सुरतेचे जावई सबंध सकाळ खुर्चीवर मान ताठ करून बसले आणि मी त्यांना काढलं. मिशी आहे त्यापेक्षा दाट करवून घेतली आणि मनगटावर घड्याळ मागितलं. मी दिलं. मोठी मायच्या दाराला एक बिडीवाला आणि एक घड्याळवाला असे दोन भालदार उभे राहिले, आणि वऱ्हाड नवरीपेक्षा त्यांनाच जास्त पाहत होतं. रमणने सगळ्यांना सांगितलं, ही कल्पना माझी.

त्यानंतर तोंडांची लाटच आली. कोणाला भालदाराच्या जागी आपला मामा हवा, कोणाला सरपंच. एकाने तर हत्तीवर स्वतःच्या आजोबांना बसवून घेतलं. लोक आबांना विचारायचे, तोंडंवाली पोर येणार ना? आबा म्हणायचे, येईल. रेघ आता मी ओढायची आणि माझी माणसं ओढून झाली की ते हत्ती भरायचे, तेही मुकाट. नंदुरबारच्या पेंटरला आमच्या बाजूला काम उरलं नाही, तो म्हणे चांगली तोंडं काढायचा, पण आमच्या लोकांची नाही. पुढे फ्लेक्स आले आणि माझंही काम गेलं. आज आमच्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर खालपासून वरपर्यंत नुसती तोंडं, घड्याळं दिसतील असे हात जोडलेले. सई त्या फ्लेक्सना नाकं मुरडते. मी गप्प बसते. ह्या रोगाची पहिली लागण कोणी केली ते मला माहीत आहे.

आबांना मात्र माझी तोंडं आवडली की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.  माझं लग्न झालं, मी नंदुरबारला आले, आणि लाल मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या खकाण्याने शिंकायला शिकले. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तर छगनबापूंच्या लेकीचं लग्न निघालं होतं, त्याच दारात. भिंत रंगवायला आबांनाच बोलावलं होतं आणि मी झोका सोडून त्यांच्यामागे गेले. आता शिडीवर चढताना ते मधे थांबत. बापू पूर्वीसारखेच शिडी धरून उभे होते. फरक एवढाच की लेकीच्या हट्टाने त्यांनी बिडी सोडली होती. भिंतीवरच्याने सोडली नव्हती.

आबांनी चुना घेतला. रमणचं आणि त्याच्या बायकोचं नाव गेलं. गणपती गेला, हत्ती गेले, मोर गेले. सुरतेचे जावई घड्याळासकट गेले. कुंच्याच्या दोन हातांत, बिचारे. नव्या लग्नात जुन्याचं नखभर दिसू द्यायचं नाही हे ज्याने मला शिकवलं तो माणूस मग डाव्या भालदारापाशी आला, आणि त्याने मोठा कुंचा बादलीत ठेवून दिला. बारकी कुंची घेतली आणि फेट्याच्या कडेने, खांद्याच्या कडेने, काठीच्या कडेने चुना लावत गेला. गुडघे दुखत होते तरी बसून पायांपर्यंत. भिंत पांढरी झाली आणि त्यात छगनबापू तेवढे राहिले. मोठी माय दारात बसली होती, तिने हरकत घेतली नाही. उजव्या बाजूला आबांनी नवा भालदार ओढला, त्यांच्या पद्धतीचा, कोऱ्या तोंडाचा.

मग ते मागे सरून दोघांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील अंगरखे भर म्हणून. त्यांनी कानावरचा कुंचला काढला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि माझ्यापुढे धरला.

"बिडी फिकी पडनी," आबा म्हणाले. "ती तू कर. तो मानूस तुन्हा शे."